बोकडाच्या डोक्यावर ज्योत

आमच्या आमानकोरा गावात मंगळवारी कोणी होडी समुद्रात घालत नाही. तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. ही चाल आजोबांच्या आजोबांपासूनची, आणि तिच्यामुळे दर मंगळवारी गावातले सगळे पुरुष किनाऱ्यावर रिकामे सापडतात. त्यांचं करायचं काय, हे कोडं गावातल्या बायकांना कधी सुटलं नव्हतं. प्रेषित जेथ्रो ओटू यांनी ते सोडवलं. त्यांनी पुरुषांचे फोटो काढायला सुरुवात केली.

एका मंगळवारी शाळा सुटल्यावर मी घरी निघाले, तर किनाऱ्यावर ही गर्दी! एरवी फाटक्या चड्डीत हिंडणारे गडी ठेवणीतली कापडं खांद्यावरून सोडून रांगेत उभे. एकानं शेजाऱ्याचा ट्रान्झिस्टर मागून आणून पोटाशी धरलेला, दुसऱ्यानं पाद्र्याचा जुना चष्मा लावलेला, आणि त्या चष्म्यातून काही दिसत नसल्यामुळे तो कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून होडीकडे तोंड करून हसत होता. मधोमध तिपाईवर कॅमेरा. जुन्या बनावटीचा, घडीचा. पुढची फळी पाडली की लोहाराच्या भात्यासारखा काळा चामड्याचा भाता पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला भिंग येतं.

प्रेषित पांढऱ्या झग्यात घामाघूम होऊन ओरडत होते.

"बंधूंनो! बघा, हात लावून बघा! आत बॅटरी आहे?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"वायर आहे?"

"नाही!"

"सरकारनं वीज दिलीय?"

"सरकार आपल्याला तरी कुठं देतं?" मागून कोबिना ओरडला. कोबिनाचा किनाऱ्यावर ताडीच्या दारूचा गुत्ता आहे आणि एक बोकड आहे. दोघंही दिवसभर गिऱ्हाइकांना धडका देत असतात.

"मग ज्या डबीत वीजच नाही," प्रेषितांनी दोन्ही हात वर केले, "तिच्यात हा उजेड आला कुठून?"

"वरून!"

आणि त्यांनी आदल्या खेपेचे फोटो वाटले. मी पुढे वाकून पाहिले. खरंच होतं. काळ्यापांढऱ्या फोटोत प्रत्येकाच्या डोक्यावर, थोडीशी डावीकडे झुकलेली, एक पांढरी लखलखीत ज्योत. मच्छीमारांचे प्रमुख नाना एशुन यांची ज्योत पपईएवढी. त्यांच्या पुतण्याची केळ्याएवढी. कोबिनाची मिरचीएवढी.

"माझी एवढीच का हो, ओसोफो?" कोबिनानं पडलेल्या आवाजात विचारलं. पाद्र्याला आमच्याकडे ओसोफो म्हणतात.

"श्रद्धा, कोबिना, श्रद्धा! तुझ्यासाठी मी प्रार्थना करतो तेव्हा तुझं लक्ष गुत्त्याकडे. नानांसाठी मी अर्धा तास प्रार्थना करतो. प्रार्थना जेवढी लांब, ज्योत तेवढी मोठी!"

हे मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रेषित आधी कॅमेरा उघडून तिपाईवर ठेवत, मग समोरच्याच्या डोक्यावर हात ठेवून उन्हात प्रार्थना करत, आणि आमेन झालं की जाऊन खटका दाबत. लांब प्रार्थना, मोठी ज्योत. आखूड प्रार्थना, बारकी ज्योत. हिशेब चोख लागत होता. माझ्या वर्गातल्या मुलांचे प्रयोगसुद्धा इतके चोख कधी लागत नाहीत.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. नाव एफुआ अमिसा, पण सगळे मिसच म्हणतात. माझ्याकडे अगदी असाच एक कॅमेरा आहे. वडील रेल्वेत होते तेव्हा त्यांनी तो सेकोंदीच्या बाजारात जुनाच घेतला होता. त्याला ना बॅटरी, ना उजेड मोजायचं यंत्र. ऊन किती ते आपण डोळ्यांनी ठरवायचं, अंतर पावलांनी मोजायचं, खटका दाबायचा, आणि फिल्म पुढे सरकवायला विसरलं तर एकाच फोटोत शाळेचा निरोपसमारंभ आणि मावसभावाचं लग्न दोन्ही येतात. या कॅमेऱ्याचा स्वभाव मला पाठ आहे. ती ज्योत पाहिल्याबरोबर मला संशय आला होता, आणि मी तो तिथल्या तिथे बोलूनही दाखवला.

"ओसोफो, तुमच्या भात्याला भोक पडलंय. माझ्याही कॅमेऱ्याला पडलं होतं. माझ्याही फोटोंत असेच डाग यायचे. मी छत्रीचं काळं कापड चिकटवलं, डाग गेले."

गर्दी माझ्याकडे वळली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दया होती.

"अरेरे, मिस," कोबिना म्हणाला, "तुमच्याकडे पवित्र आत्मा आला होता आणि तुम्ही त्याला छत्रीचं कापड लावलंत?"

इथपर्यंत सगळी गंमतच होती. कोणाच्या डोक्यावर पपई उगवली तर माझं काय जातं? पण थोड्याच दिवसांत बायकांनी विचारायला सुरुवात केली की आमचे फोटो का नाही, आणि प्रेषितांनी त्यांचेही काढले. आमच्या बायका मंगळवारीही रिकाम्या नसतात. मासे धुरावायच्या शेडमध्ये, छपराखाली, चुलीपाशी असतात. प्रेषितांनी तिथेच जाऊन फोटो काढले. एकीच्याही डोक्यावर ज्योत नाही. मग काय, पुरुषांची छाती फुगली. घराघरात भांडणं. नानांच्या बायकोनं तर ती पपई कापून खायला घालीन अशी धमकी दिली. प्रेषितांनी तोड काढली: ज्या बायका मनापासून दान देतील, त्यांना पुरुषांच्या पवित्र सावलीत, म्हणजे किनाऱ्यावर उभं करता येईल. दिलं, उभ्या राहिल्या, ज्योती आल्या. शांतता झाली.

एकटी मान्सा मावशी राहिली.

मान्सा मावशी माझी सख्खी मावशी नव्हे, पण आई गेल्यावर मी तिच्याच हातची, आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी आणि धुरावलेले मासे खाऊन मोठी झाले. नवरा समुद्रात गेला, परत आला नाही. तेव्हापासून ती एकटी शेड चालवते. शेड मोक्याची आहे, किनारा आणि रस्ता मिळतो तिथे. प्रेषितांना नेमकं तिथेच आपलं सप्तज्वाला मंदिर बांधायचं होतं. ते मागायला गेले तेव्हा मावशी मासे उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाला जागा कमी पडतेय? त्याला एवढं आभाळ दिलंय की. माझी शेड कशाला हवी?"

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. जाळी रिकामी येऊ लागली, आणि प्रेषित कॅमेरा घेऊन मावशीच्या शेडमध्ये गेले. "बाई, तुम्ही उठू नका, कामाच्या जागीच बसा," असं गोड बोलून त्यांनी तिच्यासाठी पाऊण तास प्रार्थना केली. नानांपेक्षाही लांब! सगळ्या गावानं दाराबाहेर उभं राहून ऐकली. फोटो आला तेव्हा त्यात मावशी होती, मासे होते, मागे चुलीतला जाळ भडकलेला होता, पण डोक्यावर काहीही नाही. प्रेषितांनी तो फोटो तिला डाव्या हातानं दिला. आमच्याकडे डाव्या हातानं कोणी कुत्र्यालाही हाड देत नाही.

"पाऊण तास!" ते गर्दीकडे वळून म्हणाले. "पाऊण तास मी दार ठोठावलं, आणि आत कोणी नव्हतं. ज्या बाईत आत्म्याला बसायला जागा नाही, तिच्या आत आधीच कोण बसलंय? आणि तुमचे मासे कोण खातंय?"

चेटकीण हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो उच्चारायला गावात पुष्कळ तोंडं होती.

नानांनी पंचांना बसवलं आणि निर्णय दिला. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मान्सानं शेड आणि घर सोडावं, आपल्या आईच्या गावी जावं. तिच्या आईच्या गावात आता तिचं कोणी नव्हतं. आणि आमच्याकडे अशा ठपक्यासह दुसऱ्या गावी गेलेल्या म्हाताऱ्या बाईला तिथेही कोणी पाणी देत नाही. हे नानांनाही माहीत होतं. निर्णय देताना ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मी तडक त्यांच्याकडे गेले.

"नाना, ज्योतीचा प्रार्थनेशी काही संबंध नाही. उन्हाशी आहे. मावशी छपराखाली होती."

"मास्तरीणबाई, माझी ज्योत उन्हाची?" नाना दुखावले. त्यांनी तो फोटो चौकट करून भिंतीवर लावला होता.

"तुम्ही कॅमेरा द्या. मी प्रार्थना न करता, माणूस न घेता ज्योत आणून दाखवते."

प्रेषित म्हणाले, कॅमेरा विटाळेल. नाना म्हणाले, "तुम्हीच सांगता ना, डबी साधी आहे, हात लावून बघा म्हणून?" प्रेषितांना कॅमेरा द्यावा लागला.

मंगळवारी, सगळ्या गावासमोर, मी कोबिनाचा बोकड होडीला बांधला. कॅमेरा उघडून तिपाईवर, भर उन्हात. आणि प्रार्थनेच्या जागी मी मोठ्यानं बाराचा पाढा म्हटला. बारा एके बारापासून सुरू करून शेवटपर्यंत, आणि पुन्हा, आणि पुन्हा, घसा बसेपर्यंत. बोकड शांतपणे नानांच्या चपलेचा पट्टा खात होता. मग खटका दाबला. त्याच्यावर रोल संपला. फिल्म मी शाळेच्या कोठीत धुतली, नाना स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले होते. फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

बोकडाच्या डोक्यावर, दोन शिंगांच्या मधोमध, भोपळ्याएवढी ज्योत.

"बघा!" मी म्हणाले. मला वाटलं, झालं. जिंकले.

नानांनी फोटो उजेडाकडे धरला. मग टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "माझ्यापेक्षा मोठी आहे."

माझी तिथेच चूक झाली. मी गावाला पुरावा दिला होता, आणि गावाला हवा होता चमत्कार. संध्याकाळपर्यंत बोकड पुण्यवान ठरला. प्रेषितांनी प्रसंग ओळखून त्याचा बाप्तिस्मा उरकला आणि त्याचं नाव सायमन ठेवलं. कोबिनानं त्याला एका श्राद्धासाठी विकायचं कबूल केलं होतं, तो सौदा मोडला. सायमन लोकांच्या दारात जाऊन सुकत घातलेले मासे खाऊ लागला आणि लोक म्हणू लागले, "खा बाबा, खा." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी बायकांची रांग.

"मिस, तो बाराचा मंत्र आम्हाला पण शिकवा ना."

"अगं, तो पाढा आहे! तुझा मुलगा तिसरीपासून म्हणतोय!"

"म्हणूनच त्याला ताप येत नाही बघा."

मला हसावं की रडावं कळेना. गावात बाराचा पाढा दुमदुमत होता, आणि मान्सा मावशी घरात आपली भांडी एका चादरीत बांधत होती. मी गेले तर म्हणाली, "एफुआ, तू दमलीस. बस. खाऊन घे." तिनं मला वाढलं. स्वतः जेवली नाही. ते सगळं गाव तिच्या शेडच्या धुरावर वर्षानुवर्षं जेवलं होतं.

रविवारी प्रार्थना संपली आणि मिरवणूक निघाली. पुढे प्रेषित, गळ्यात तो कॅमेरा. मागे नाना, त्यांच्यामागे गाव, आणि सगळ्यांत मागे गळ्यात माळ घातलेला सायमन. मावशी शेडच्या दारात गाठोडं घेऊन उभी होती. मी तिच्या शेजारी होते. हातात शाळेच्या कपाटातली बोटाएवढी टॉर्च.

"नाना," मी म्हणाले, "जायच्या आधी तिची शेड एकदा शुद्ध नको का करायला? ओसोफोंचा कॅमेरा आत आणा. ज्योत तिथे का आली नाही, ते त्या ज्योतीलाच विचारू."

शुद्ध करायचं म्हटल्यावर कोणाला नाही म्हणता येईना. सगळे दाटीवाटीनं आत शिरले. मावशीची शेड आतून काजळीनं काळीकुट्ट, खिडकी नाही, चुली धुमसत असलेल्या, धूर डोळ्यांत. मी दार लावून घेतलं. शेजारच्याचं नाक दिसेना.

"कॅमेरा द्या, ओसोफो."

"अंधारात पवित्र वस्तू कशी देणार?"

"द्या हो," नानांचा आवाज आला. "माझ्या पायावर कोणीतरी उभं आहे, लवकर आटपा."

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, टॉर्च लावून आत ठेवली, झाकणाच्या फटींवर पदर गच्च दाबला आणि भाता पुढे ओढला. भिंगाची पडदी बंद होती. उजेडाला कुठूनच वाट नव्हती.

फक्त एका जागेतून होती. भात्याच्या वरच्या कोपऱ्यातून, घडी जिथे झिजते तिथून, सुईच्या जाडीचा एक उजेडाचा धागा निघाला, धुरातून सरळ गेला आणि नाना एशुन यांच्या पोटावर जाऊन टेकला.

नानांनी पोट आत घेतलं. उजेड हलला नाही.

"हे भोक," मी म्हणाले. "आता उजेड आतून बाहेर येतोय. किनाऱ्यावर ऊन बाहेरून आत जातं. वरच्या कोपऱ्यातून शिरतं आणि फिल्मच्या खालच्या भागावर पडतं. फिल्मवर चित्र उलटं असतं, म्हणून खालचा भाग म्हणजे तुमचं डोकं. ओसोफो आधी भाता उघडतात, मग प्रार्थना करतात. प्रार्थना लांब, तेवढा वेळ ऊन आत. प्रार्थना आखूड, तेवढं कमी. बोकडाला मी पाढे म्हटले, भरपूर म्हटले. शिव्या दिल्या असत्या तरी ज्योत आली असती."

अंधारात कोबिनाचा आवाज आला. "म्हणजे मी ओसोफोंना एकच बाटली दिली, म्हणून माझी मिरची?"

"मला तर त्यांनी वळचणीला उभं केलं होतं," कोणी बाई म्हणाली. "दान दिल्यावर म्हणाले, पुढे या, उन्हात या."

"मलाही!"

"माझ्या सासूला उन्हात, मला सावलीत! आणि वर म्हणाले तुझ्यात खोट आहे!"

एकेक जण आठवून सांगू लागला की तो कुठे उभा होता. हे कोणी त्यांना विचारलं नव्हतं. ऊन आणि सावली प्रत्येकाला आपापली आठवत होती, फक्त ती कधी कोणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली नव्हती. आणि पाऊण तासाची ती प्रार्थना या काळ्या छपराखाली का झाली, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

प्रेषित मात्र हार मानणारे नव्हते. "भोक आहे, मान्य!" ते गरजले. "पण हे भोक पाडलं कोणी? देवानं! आत यायला त्यानंच आपली वाट केली!"

गर्दी घुटमळली. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं.

नानांनी दाढी खाजवलेली ऐकू आली. नाना फार शिकलेले नाहीत, पण जाळं फाटलं की शिवायचं एवढं त्यांना कळतं.

"असेल, देवानंच पाडलं असेल," ते म्हणाले. "मग आपण ते बुजवू. त्याला हवं असेल तर तो पुन्हा पाडील. आणि पुन्हा पडेपर्यंत मान्सा इथंच राहील. पुढच्या मंगळवारी भोक बुजवून ओसोफोंचाच फोटो काढू. भर उन्हात. त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रार्थना करावी. काय, ओसोफो?"

प्रेषितांना अचानक ताकोरादीत एक आजारी भक्त आठवला. ते सोमवारीच गेले. ज्या गाडीत बसले तिच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: आयुष्यात घाई नको.

त्या रविवारी मी शेडचं दार उघडलं तेव्हा सगळे डोळे चोळत बाहेर आले. धुरामुळे की कशामुळे, ते मी विचारलं नाही. कोणीतरी मावशीचं गाठोडं उचलून आत नेऊ लागलं. नाना पुढे झाले. "मान्सा, आमचं चुकलं. फोटोमुळे..."

"फोटोमुळे नाही, नाना," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी बाळंतीण उठली की पहिला मासा माझ्या चुलीवरचा गेलाय. इतक्या दिवसांत एकानं तरी येऊन मला विचारलं का, की मान्सा, तू काही केलंस का? एवढा एक प्रश्न. कागदाला विचारलंत. डबीला विचारलंत. बोकडालासुद्धा विचारलंत. मी इथं समोर बसले होते."

ती आत गेली आणि चुलीतलं लाकूड पुढे सारू लागली.

आता जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी. जाळी रिकामी का येत होती, ते शोधायला ज्योत लागत नाही. बाहेर मोठ्या बोटी दिवसरात्र समुद्र खरवडतात, त्यांचे दिवे आमच्या किनाऱ्यावरून दिसतात. त्यांच्याशी भांडायला धमक लागते, म्हातारीशी भांडायला लागत नाही. बुवा लोकांचा धंदा याच सोयीवर चालतो. तेव्हा कोणी डबीतून उजेड काढून दाखवला, तर डबी उघडा, उलटी करा, आत टॉर्च घाला, भोक शोधा. ते असतंच. पण त्या उजेडाच्या जोरावर कोणा बाईला तिच्या घरातून बाहेर काढत असतील, तर भोक सापडेपर्यंत थांबू नका. आधी तिच्या दारात जाऊन तिच्या शेजारी उभे राहा. मग शोधा.